घरातील संगणक बदलावा केव्हा आणि कसा?

घरातील संगणक म्हातारा झाला, हे घरच्यांना एकदम उमगत नाही. प्रथम तो सुरू व्हावयास चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ घेऊ लागतो. पुढे आतल्या पंख्याची घरघर वाढते. मधूनच पडदा निळा पडतो. आणि एखाद्या दिवशी बँकेचे पान उघडण्यास तो साफ नकार देतो. मग घरात दोन पक्ष पडतात. मुले आणि नातवंडे म्हणतात, “टाकून द्या हा खटारा, नवा घेऊ.” वडीलधारी मंडळी म्हणतात, “चालतो आहे ना? मग चालू द्या.” दोन्ही पक्षांचे उत्तर आधीच ठरलेले असते, प्रश्न मात्र कोणीच नीट मांडलेला नसतो. तो मांडावा, इतकाच या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न अलीकडे पुष्कळ घरांत एकाच वेळी उभा राहिला, त्याला एक निश्चित कारण घडले. जुन्या संगणकांवर बहुधा २०१५ साली निघालेली ‘विंडोज १०’ ही प्रणाली असते. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविण्याचे काम मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढीव मुदत त्या वेळी जाहीर झाली. परंतु ती आपण होऊन नोंदणी करणाऱ्यांनाच. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो. फक्त नव्याने सापडणारी छिद्रे बुजविली जात नाहीत. दाराचे कुलूप शाबूत आहे, पण चोरांना त्याची किल्ली सापडली तर कुलूपवाला येणार नाही, अशी ही स्थिती होय. ज्या संगणकावर केवळ जुनी कीर्तने ऐकावयाची आणि पत्रे लिहावयाची, त्याचा इंटरनेटशी संबंध तोडला तर तो याच अवस्थेत आणखी काही वर्षे सुखाने नांदू शकेल. ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात, कुपात खोलीमचे तपासणी-अहवाल पाहिले जातात आणि बितुआख लेउमीचे अर्ज भरले जातात, त्याच्या बाबतीत मात्र ही जोखीम घेणे शहाणपणाचे नव्हे.

तथापि दुकानाची वाट धरण्यापूर्वी एक काम आहे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम तेच. या जुन्या यंत्राच्या पोटात काय काय आहे, याची यादी करावयाची. ही यादी कागदावर, पेन्सिलीने करावी. छायाचित्रे आहेत, हे सर्वांनाच ठाऊक असते. पण वडिलांनी टंकलिखित करून ठेवलेली वंशावळ, आपले आडनाव ज्या गावावरून पडले त्या कोकणातील गावाची टिपणे, मलिद्याच्या वेळी म्हणावयाच्या गीतांची वही, घरातील दिवंगतांच्या हिब्रू पुण्यतिथींचा तक्ता, केतुबांची छायाचित्रे, मुंबईस पाठविलेली पत्रे, एखाद्या आत्याबाईंच्या आवाजातील लग्नगीतांचे ध्वनिमुद्रण, हे सारे कोठल्या कप्प्यात आहे, हे बहुधा एकाच माणसाला माहीत असते. आणि ते माणूस आपल्यात असेलच असे नाही.

रामले येथील आमच्या परिचयाच्या एका घरची हकीकत सांगते. आजोबांनी अनेक वर्षे मराठीत लेखन करून ते संगणकात साठविले होते. त्यांच्या पश्चात यंत्र फार मंद झाले म्हणून नातवाने नवा संगणक आणला. मुलगा सैन्यातून नुकताच परतलेला, संगणकविद्येत पारंगत. एका संध्याकाळी बसून त्याने सर्व छायाचित्रे आणि गाणी नव्या यंत्रात उतरवून घेतली. मराठीच्या फाइलीही त्याने नव्या यंत्रावर उघडून पाहिल्या. पण पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांचा खच दिसला. फाइली बिघडल्या, असा तर्क करून त्याने त्या सोडून दिल्या. काही दिवसांनी कद्दीश म्हणावयाची तारीख पाहण्यासाठी आजींनी तो पुण्यतिथींचा तक्ता मागितला, तेव्हा घरात धावपळ उडाली. जुना संगणक सुदैवाने अजून मिरपेसेतमध्ये, भंगारात जाण्याच्या वाटेवर, उभा होता. तो पुन्हा जोडला, आणि तक्ता जसाच्या तसा, शुद्ध मराठीत, पडद्यावर आला.

फाइली बिघडलेल्या नव्हत्याच. नव्या यंत्रात तो फाँट नव्हता, एवढेच. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. तो मराठी बोललेली समजतो. वाचू शकत नाही. आपल्या घरांतून आज हीच परिस्थिती आहे: यंत्र जाणणाऱ्याला मराठी वाचता येत नाही, आणि मराठी वाचणाऱ्याला यंत्र उमगत नाही. म्हणून संगणक बदलण्याचे काम एकट्या नातवावर सोपवू नये आणि एकट्या आजीवरही सोपवू नये. एका खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढून दोघांनी मिळून ते करावे.

फाँटचा हा घोटाळा नेमका काय आहे, ते थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे संगणकावर मराठी लिहिण्याची जी साधने प्रचलित होती, त्यांपैकी अनेक साधने एक युक्ती करीत. ती संगणकाला इंग्रजी अक्षरेच साठवावयास लावीत आणि पडद्यावर मात्र त्यांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रे दाखवीत. उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ या फाँटमध्ये इंग्रजी लहान ‘डी’च्या जागी ‘क’, ‘ई’च्या जागी ‘म’ आणि ‘वाय’च्या जागी ‘ल’ दिसतो. म्हणजे आपण ‘कमल’ असे लिहिले, तरी यंत्राने साठविले ते ‘डी, ई, वाय’. जोवर फाँट आहे तोवर कमल. फाँट गेला की उरते ते डी, ई, वाय. ‘श्रीलिपी’, ‘शिवाजी’ इत्यादी फाँटांची तऱ्हा आणखी निराळी. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही. याउलट ‘युनिकोड’ नावाच्या जागतिक पद्धतीत, जिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, तो पुण्यात, दिमोनात आणि न्यूयॉर्कमध्ये एकच. आज आपण मोबाइलवर जे मराठी लिहितो ते युनिकोडमध्येच असते, म्हणून ते कोठेही वाचता येते.

तेव्हा जुना संगणक जिवंत आहे तोवर त्याच्याकडून तीन कामे करून घ्यावीत. पहिले, त्यातील विंडोजच्या ‘फाँट्स’ नावाच्या कप्प्यातून सर्व मराठी फाँट उतरवून घ्यावेत. फाँट ही एक लहानशी फाइलच असते. दुसरे, प्रत्येक महत्त्वाचा मजकूर उघडून त्याची ‘पीडीएफ’ प्रत करावी. विंडोज १० मध्ये छापण्याची आज्ञा दिली असता छपाईयंत्रांच्या यादीतच ही सोय दिसते. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रे मजकुराबरोबर बांधून जातात, त्यामुळे फाँट नसला तरी वाचन अडत नाही. ज्यांनी ‘पेजमेकर’वर स्मरणिका किंवा लग्नपत्रिका जुळविल्या असतील त्यांनी तर हे अवश्य करावे, त्या कार्यक्रमाची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली, आणि नव्या यंत्रावर तो चालेल याचा भरवसा धरू नये. तिसरे काम, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे. त्यासाठी रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात. परंतु त्यांनी दिलेला मजकूर डोळे झाकून स्वीकारू नये. जुन्या फाँटांत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी साठविला जातो, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे वेलांट्या चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतात, रफार हरवतो, जोडाक्षरे फुटतात. आपल्या हिब्रू नावांची तर फारच दैना होते. म्हणून येथे मराठी वाचणारा माणूस हवा, आणि त्याच्या हाती तांबडी पेन्सिल हवी.

याच बैठकीत घरातील सीडी बाहेर काढाव्यात. लग्नाच्या, बार मित्स्वाच्या, भारतभेटीच्या सीडी जुन्या संगणकात वाचता येतात. नव्या यंत्रांपैकी बहुतेकांना ती खाचच नसते. फ्लॉपीचे नशीब यापूर्वीच ठरलेले आहे.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहिला, आणि तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला १९३७ साली, तेल अवीव येथे. मधल्या चाळीस वर्षांत लेखक निवर्तले. हस्तलिखित राहिले, आणि ज्याने ते हाती घेतले त्याला ते वाचता आले. कागद वाचावयास डोळे आणि उजेड याखेरीज काही लागत नाही. १९९७ साली फ्लॉपीवर, अशाच एखाद्या फाँटमध्ये लिहिलेला आपल्या घरचा इतिहास २०३७ साली कोणाच्या हाती पडला, तर त्याला तो वाचता येईल काय? वंशावळ आणि पुण्यतिथींचा तक्ता यांची एक प्रत चांगल्या कागदावर छापून ठेवावी, असे मी आग्रहाने सुचविते. संगणकाच्या लेखात कागदाची शिफारस पाहून तरुण वाचक हसतील, खुशाल हसोत.

राहिला प्रतींचा प्रश्न. एक प्रत नव्या संगणकात, दुसरी बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर, आणि तिसरी त्याच घरात नव्हे, दुसऱ्या गावी असावी. जून २०२५ मधील इराणबरोबरच्या युद्धात बात याम, रेहोवोत आणि बेरशेबा येथील राहत्या इमारतींवर क्षेपणास्त्रे पडली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सायरन वाजल्यावर ममादकडे धावताना कोणी संगणक उचलत नाही, आणि उचलूही नये. अशदोदच्या घराची डिस्क दिमोनाच्या बहिणीकडे आणि दिमोनाची अशदोदला, असा सोपा सौदा भावंडांत होऊ शकतो. इंटरनेटवरील साठवण चांगलीच. पण त्या खात्याचा परवलीचा शब्द घरातील किमान दोन माणसांना ठाऊक हवा. दोन वर्षे न वापरलेले खाते पुसून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केले. माणूस गेल्यावर त्याच्या खात्यात कोण डोकावतो?

यादी झाली, प्रती झाल्या. आता यंत्राकडे वळू. ते खरोखरच निकामी झाले आहे काय? मुलांना मी संगणकाची रचना वर्गाच्या उपमेने समजावून देते. प्रोसेसर म्हणजे शिक्षक; रॅम म्हणजे फळा; डिस्क म्हणजे वर्गातील कपाट. फळा लहान असला की शिक्षकाला दर चार ओळींनी तो पुसावा लागतो आणि पुन्हा पुन्हा कपाटाकडे जावे लागते. कपाटाचे दार गंजलेले असले तर प्रत्येक फेरीला वेळ जातो. बाहेरून पाहणारा म्हणतो, शिक्षक सुस्त आहे. वास्तविक शिक्षक बदलण्याची गरज नसते. मोठा फळा आणि बरे कपाट मिळाले की तोच शिक्षक पुन्हा झपाट्याने शिकवू लागतो.

कोणाचा दोष आहे, हे पाहण्याचा एक उपाय यंत्रातच आहे. संगणक रेंगाळू लागला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. जो तक्ता उघडतो त्यात प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांवर किती टक्के भार आहे ते दिसते. डिस्कचा आकडा बराच वेळ शंभरापाशी अडून राहत असेल, आणि ती फिरणाऱ्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल, तर ती काढून ‘एसएसडी’ बसविल्याने जो फरक पडतो तो पाहून माणसे चकित होतात. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. स्मृतीचा आकडा सतत नव्वदीच्या घरात असेल तर रॅम वाढवावी. चार जीबीवर आजचे काम होत नाही, आठ जीबीवर घरगुती काम निभते. प्रोसेसरच सदैव शंभरावर धापा टाकीत असेल, तर मात्र दुरुस्तीत पैसा घालू नये. हार्ड डिस्कमधून टक्‌-टक्‌ असा आवाज येत असेल, तर या सर्व चाचण्या सोडून प्रथम आतील मजकूर बाहेर काढावा. तो आवाज शेवटच्या आजाराचा असू शकतो.

आणखी एक गोष्ट. संगणक दर वेळी सुरू होताना भलतीच जुनी तारीख दाखवीत असेल, तर पुष्कळदा आतील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. तारीख चुकीची असली की बँकेची आणि सरकारी पाने सुरक्षेच्या कारणास्तव उघडत नाहीत, आणि लोक समजतात की संगणक कालबाह्य झाला. ही बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात थोडक्या शेकेलांत मिळते. टेबलावरच्या पेटीत तंत्रज्ञ ती काही मिनिटांत बदलतो. नेगेवमध्ये राहणाऱ्यांनी पंख्यातील धूळही काढून घ्यावी. तिकडच्या धुळीविषयी मी वेगळे सांगावयास नको.

एवढे करूनही विंडोज ११ चा अडसर राहतोच. ही प्रणाली २०२१ साली निघाली. ती विंडोज १० वरून विनामूल्य मिळते. पण तिला ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. पिढी ओळखण्याची खूण सोपी आहे. ‘आय ५’ या नावापुढे ७४०० असा आकडा असेल तर पहिला अंक सात, म्हणजे सातवी पिढी. ८४०० असेल तर आठवी. १०४०० असेल तर दहावी. आठवी पिढी २०१७ मध्ये आली. तेव्हा त्याआधीचा संगणक एसएसडी घालून वेगवान करता येईल, पण अधिकृत मार्गाने विंडोज ११ वर नेता येणार नाही. घरात जाणकार असल्यास अशा यंत्रावर ‘लिनक्स’ ही मोफत प्रणाली घालता येते. जाणकार दुसऱ्या गावी राहत असल्यास तो नाद करू नये, कारण दर रविवारी फोनवरून संगणक दुरुस्त होत नाही. माझा स्वतःचा हिशेब असा: यंत्र विंडोज ११ ला पात्र असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी असेल, तर दुरुस्ती करावी, एरवी नवे घ्यावे.

नवे घ्यावयाचे तर कोणासाठी, हे आधी ठरवावे. दुकानात विक्रेत्याशी बोलतो तो बहुधा नातू, आणि पुढे त्यावर बसतात ते आजी-आजोबा. मग चकचकीत, पातळ, तेरा इंची लॅपटॉप घरी येतो, आणि आठवड्याभरात मोठा चष्मा करावा लागतो. घरातच बसून लिहिणाऱ्याला माझ्या मते टेबलावरची छोटी पेटी आणि चोवीस इंची पडदा हेच सोयीचे. जुना पडदा चांगला असेल तर तोच वापरावा. फक्त मागील खाच नव्या पेटीच्या खाचेशी जुळते का, की मध्ये जोड लागेल, हे पाहून घ्यावे. पाहुण्यासारखा मुलांच्या घरी जाऊन-येऊन राहणाऱ्याला लॅपटॉप हवा. ज्याला केवळ मुंबईच्या नातलगांशी व्हिडिओवर बोलावयाचे आणि बातम्या वाचावयाच्या, त्याला टॅब्लेट पुरे. मोबाइलने सर्व भागते, असे तरुण म्हणतात. वाचण्याचे भागतही असेल. पण चार पानांचे पत्र अंगठ्याने लिहून पाहावे, आणि मग बोलावे.

रॅम आठ जीबी ही किमान मर्यादा. सोळा असल्यास यंत्र अधिक वर्षे साथ देईल. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मूळ पट्टीलाच जडविलेली असते, ती मागाहून वाढत नाही. हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडून मागणी वाढल्याने स्मृती-चिपांच्या किमती जगभर चढल्या. त्यामुळे पूर्वी कोणी सांगितलेला भाव मनात धरून दुकानात जाऊ नये. मोठ्या कंपन्यांनी वापरून परत केलेले आणि तपासून पुन्हा विकावयास काढलेले संगणकही मिळतात. त्यांना येथे ‘मेखुदाश’ म्हणतात. त्यांचे कळफलक दणकट असतात आणि किंमत हलकी असते. मात्र पिढीचा वर सांगितलेला अंक पाहावा आणि हमी किती महिन्यांची ते लिहून घ्यावे.

“मुंबईहून कोणी येतेच आहे, तिकडूनच मागवू,” असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. विजेचा दाब दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच असल्यामुळे यंत्राला अपाय नाही. पिन तेवढी निराळी. पण तिकडच्या कळांवर हिब्रू अक्षरे नसतात, आणि कित्येकदा हमी ज्या देशात खरेदी झाली तेवढ्यापुरतीच असते. येथे घेतलेल्या यंत्राच्या कळांवर इंग्रजी आणि हिब्रू असते. मराठीची सोय विंडोजमध्येच आहे, ती भाषांच्या यादीतून सुरू करावी लागते, इतकेच. टंकलेखन शिकलेल्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ आहे. उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळांवरून मराठी लिहिण्याची ‘फोनेटिक’ सोय २०१९ पासून विंडोज १० मध्ये आणि पुढे ११ मध्येही आहे. एकाच पत्रात मराठी आणि हिब्रू लिहिताना ओळी उलटसुलट होतात, याची तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. कंट्रोल आणि उजवीकडची शिफ्ट दाबली की परिच्छेद उजवीकडून सुरू होतो. कंट्रोल आणि डावीकडची शिफ्ट दाबली की डावीकडून. ही एक खूण कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली, तर निम्मा त्रास वाचतो.

पैशाच्या गोष्टीत थोडी सावधगिरी हवी. पाटीवरचा भाव माआमसह आहे काय, हे विचारावे. जानेवारी २०२५ पासून हा कर १८ टक्के झाला आहे. तश्लुमीमचे, म्हणजे हप्त्यांचे, आकडे लहान दिसतात, म्हणून त्यांची बेरीज दुकानातच करावी. नव्या विद्युत् उपकरणास एक वर्षाची अखरायूत, म्हणजे हमी, कायद्यानेच मिळते. तेव्हा तीच हमी ‘खास सवलत’ म्हणून कोणी विकत असेल तर ती विकत घेऊ नये. फोनवरून गोड बोलून संगणक किंवा ‘सुरक्षा-योजना’ गळ्यात मारणारे पुष्कळ असतात. अशा, समोरासमोर न झालेल्या आणि संभाषणातून ठरलेल्या व्यवहारातून माघार घेण्यास पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना, तसेच आलिया करून पाच वर्षे न झालेल्या नव्या ओलेंना, येथील ग्राहक-कायदा चार महिन्यांची मुदत देतो. आपल्या समाजातील फार थोड्यांना हे ठाऊक आहे. तुमचा संगणक आजारी आहे असे सांगणारा फोन आपण होऊन आला, तर मात्र कायद्याचा विचारही करू नये. फोन खाली ठेवावा.

नवे यंत्र घरी आल्यावर स्थलांतराचे काम रविवारी हाती घ्यावे. शुक्रवारी दुपारी कदापि नव्हे. अद्ययावत होण्याचे काम अर्ध्यावर असताना शब्बाथची मेणबत्ती लावण्याची वेळ येते, आणि मग दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत तो पडदा तसाच टकमक बघत राहतो. पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट करावी. विंडोज ११ च्या पुष्कळ नव्या यंत्रांत डिस्क आपोआप सांकेतिक रूपात बंद होते. तिची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. यंत्र कधी अडले तर तीच मागितली जाते. ती कागदावर उतरवून पासपोर्टांच्या शेजारी ठेवावी.

जुने यंत्र लगेच बाहेर काढू नये. दोन महिने तरी ते कोपऱ्यात असू द्यावे, कारण एखादी विसरलेली गोष्ट तेवढ्या अवधीत हटकून आठवते. नंतर त्यातील डिस्क तंत्रज्ञाकडून काढून घ्यावी. फाइली पुसल्या म्हणजे त्या नाहीशा होतात असे नाही. अनेकदा त्या परत काढता येतात, आणि त्यांत आपले तेऊदात ज़ेहूतचे क्रमांक आणि बँकेची पत्रे असतात. डिस्क कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवावी, आणि तिच्यावर आत काय आहे ते मराठीत आणि हिब्रूत, दोन्ही लिप्यांत, लिहावे. उरलेली पेटी कचऱ्याच्या डब्याशेजारी टाकू नये. विद्युत् उपकरणांच्या कचऱ्याविषयी येथे २०१२ चा कायदा आहे, आणि नवे उपकरण विकणाऱ्याने त्याच प्रकारचे जुने परत घेणे त्यात अपेक्षित आहे. नवा संगणक घरपोच करणाऱ्या माणसाला, आपण जुना दोन महिन्यांनी देणार आहोत, हे खरेदीच्या वेळीच सांगून पावतीवर तसे लिहून घ्यावे.